कच्च्या रंगाचा पोपट

हसू मागच्या रांगेतून आलं. मोठं नव्हतं. खोकला दाबावा तसं कुणीतरी दाबलेलं, मग शेजारच्याने उचललेलं, मग ओल्या कापडातून रंग चढत जावा तसं खुर्च्याखुर्च्यांतून पुढे सरकत माझ्या पाठीशी येऊन थांबलेलं. मी पहिल्या रांगेत मधोमध होते. सुनेने हात धरून बसवलं होतं, "आई, इथून तुम्हाला ते नीट दिसतील." दिसत होता. फार नीट दिसत होता. माझा मुलगा उंच लाकडी मेजामागे उभा होता, इस्त्रीचा कोट, केस चापून बसवलेले, आणि त्याच्या बाजूच्या काळ्या पेटीतून माझा आवाज येत होता. "ठकूऽ," म्हणत होता तो आवाज, शेवटाला वर चढणारा, बारीक, पोपटासारखा. आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं हसत होती.

स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. मलाही क्षणभर आला नाही. वाटलं, कोण ही चिरकी म्हातारी, हिला या वयात पोपटाची नक्कल करायची हौस कुठून आली. मग पेटीतली म्हातारी दम घेऊन म्हणाली, "अस्सं म्हणायचा बघ. अगदी आईसारखं," आणि उकळत्या कढईत कुणी बादलीभर गार पाणी ओतावं तसं माझं आतलं सगळं एकदम बसलं. ही तर मी. हे तर मी त्याला एकट्याला सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तो बिचारा न ऐकताच गेला. माझं खरं नाव वेगळं. ठकू म्हणायची ती फक्त माझी आई, आणि ती गेल्यावर तिच्या आवाजात तो पोपट. ही हाक मी इतकी वर्षं कुणाच्या कानावर पडू दिली नव्हती. बाहेर काढली की उडेल असं वाटायचं. आता ती छताला टांगलेल्या दिव्यांपर्यंत जाऊन परत येत होती आणि मागच्या रांगेतला कुणी टकल्या रुमालाने डोळे टिपत होता, हसून हसून.

माझा मुलगा पक्ष्यांचा डॉक्टर आहे. म्हणजे औषध देणारा नव्हे, पदवीचा. संग्रहालयात बसतो, पेंढा भरलेले पक्षी सांभाळतो. मी गल्लीत सांगते, मेलेल्यांचाच डॉक्टर आहे, रोगी दगावायची भीती नाही. लोक हसतात, मीही हसते, पण छाती फुगलेली असते. चार यत्ता शिकलेल्या रंगारणीचा मुलगा. आमची रंगाची भट्टी खाली, घर वर. कापड, सूत, शाली, नाटकवाल्यांचे पडदे, जे येईल ते रंगवून देते. नवरा गेल्यावर भट्टी मी विझू दिली नाही आणि पोराला तिच्यात हात घालू दिला नाही. म्हटलं, माझी नखं निळी आहेत तेवढी पुरेत. तो जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायचा आणि मी ढवळता ढवळता त्याला गोष्ट सांगायची. गोष्ट एकच. आमच्या खिडकीत एक निळा पोपट होता. माझे वडील बोटीवर स्वयंपाकी, त्यांनी लांबच्या बेटावरून आणलेला. तसा पोपट पुन्हा कुणी पाहिला नाही. पोर विचारायचं, "का नाही पाहिला?" मी म्हणायची, "शोधला नसेल नीट. तू शोध." बोलून गेले मी. आईच्या तोंडून सुटलेलं वाक्य पोराच्या अंगात कुठवर जाऊन रुततं, हे आईला काय ठाऊक?

त्याने शोधला. मोठा झाल्यावर कळलं की तो पोपट त्यांच्या पुस्तकातही आहे, पण नावापुढे प्रश्नचिन्ह लावलेला. त्या बेटावर असा निळा पोपट होता की नव्हता, यावर शिकलेली माणसं म्हणे पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. कातडं नाही, हाड नाही. एक जुनं चित्र, एका प्रवाशाने लिहिलेल्या चार ओळी, बस्स. हे त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आणि मी? मी नाही का पाहिला?" तो हसला, म्हणाला, "हो की. तू आहेस ना." परवा परवा भट्टीवर आला. छोटं स्टूल ओढून बसला, खिशातून ते बोलकं यंत्र काढून कट्ट्यावर ठेवलं. मी हात पुसायला लागले तर म्हणाला, "काम सोडू नकोस आई. हात चालू दे. तू आपली बोलत राहा, पहिल्यापासून." केवढं बरं वाटलं मला! कोण बसतं हल्ली म्हातारीजवळ? पण आता खुर्चीत बसून ध्यानात आलं, की माझ्या हातात काम असलं की माझी जीभ सैल सुटते हे त्याला पोटात असल्यापासून माहीत. कोंबडीला दाणे टाकत टाकत खुराड्यापर्यंत नेतात तसं त्याने मला नेलं. आणि मी गेले, वर येणारी वाफ गिळत, कढईतलं कापड उलटंपालटं करत, आईपर्यंत.

मेजामागून तो बोलत होता. बोलतो छान, वडिलांवर गेलेला नाही. भिंतीवर चित्र उमटलं, निळा पोपट, फांदीवर, मान वाकडी. माझे हात मांडीवरून उठले. तोच. काळ्याला टेकणारा निळा, तिसऱ्यांदा बुडवून काढलेल्या कापडासारखा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हाच तो. पण मुलगा म्हणाला, "या चित्राने आपल्याला फसवलं. हा पोपट निळा नव्हताच. चित्रकाराने तो हिरवा रंगवला होता. हिरवा कसा करतात? निळ्यावर पिवळा चढवून. वर्षं गेली, उजेड लागला, आणि पिवळा उडाला. उरला तो निळा." मग जरा थांबून, लोकांकडे पाहत, "रंगाऱ्यांमध्ये एक म्हण आहे. पिवळा आधी पळतो."

म्हण नाही रे ती. म्हण कसली? ते मी बोलले होते. तू जिन्यावर, मांडीवर पुस्तक, आणि एक बाई हिरवा पडदा घेऊन भांडायला आली होती, उन्हात टांगून टांगून निळा पडला म्हणून. ती गेल्यावर मी तुला म्हटलं, लक्षात ठेव, हिरव्यात पिवळ्याचा भरवसा धरू नये, पिवळा आधी पळतो, निळा मागे राहून शिव्या खातो. तू खदखदून हसलास. तेवढं एक वाक्य माझ्या भट्टीतून उचललंस आणि त्यानेच माझा पोपट मारलास. माझ्याच दारची काठी, माझ्याच पाठीत.

प्रवाशाचा निकाल त्याने दोन वाक्यांत लावला. तो गृहस्थ त्या बेटावर उतरलाच नव्हता, खलाशांच्या गप्पा ऐकून लिहिलं. ऐकीव. मग म्हणाला, "तिसरा पुरावा तोंडी आहे. एका वृद्ध स्त्रीचा. शिक्षण जेमतेम, व्यवसाय रंगकाम." वृद्ध स्त्री! नऊ महिने पोटात काढलेस तेव्हा शिक्षण विचारलं नव्हतंस. मी सुनेकडे पाहिलं. ती समोर पाहत होती, गालाचा स्नायू सुद्धा हलत नव्हता, म्हणजे तिला ठाऊक होतं. मग पेटी लागली, माझा आवाज आला, ठकू आला, हसू आलं. हसू ओसरेपर्यंत तो थांबला. रागावला नाही, बोट वर केलं नाही. चांगला वक्ता हसू वाया घालवत नाही. "आता पाहा," तो म्हणाला, "पाळलेला हिरवा पोपट कंटाळला की पिंजऱ्याच्या गजांवर चोच आपटतो." त्याने मुठीची हाडं मेजावर वाजवली. ठक ठक. "आई गेलेलं पोरकं मूल ते ऐकतं. ठक. ठक. आणि त्याला ऐकू येतं, ठकू." मग कुणीतरी "वा!" म्हणालं.

पोरकं मूल. त्या शब्दापाशी मी अडकले. तो पुढे गेला, मी तिथेच. आई तापाने गेली, वडील बोटीवरून परत आले, घरात माणसं भरली आणि ओसरली. त्यानंतरची एक दुपार. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. भिंतीचा पोपडा सुटलेला होता, त्याच्या कडेला नख लावत होते. मागून हाक आली, "ठकूऽ." आई मला दिवसभर अशी हाका मारायची, मी होतेच तशी, कधी जिन्यात, कधी शेजारच्यांच्या छपरावर. शेवटाला आवाज वर जायचा, म्हणजे रागावलेली नाही, नुसती शोधते आहे. मी उठून स्वयंपाकघराकडे धावले. फरशी गार होती. तिथे चूल पुसून ठेवलेली, डाव खिळ्याला टांगलेला, आणि डावाच्या वाटीत खिडकीचा उजेड. कुणी नव्हतं. परत आले तर खिडकीत तो, निळा, एका डोळ्याने माझ्याकडे बघत. पुन्हा म्हणाला. मी पिंजऱ्याला गाल लावून उभी राहिले, गजांचे वळ गालावर उठेस्तोवर. पुढे रोज नाही, पण म्हणायचा. मी वाट पाहायची. वाट पाहणं हेच माझं खेळणं होतं. आणि एका सकाळी पिंजरा रिकामा. मी वडिलांना विचारलं, "पोपट कुठे?" ते ताटात वाढत होते. मान वर न करता म्हणाले, "कसला पोपट? जेव." एवढंच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. पिंजऱ्यात पुढे कांदे ठेवायचे. हे वडिलांचं बोलणं तेवढं मी मुलाच्या यंत्रात भरू दिलं नव्हतं. जिभेवर आलं होतं, पण त्याच वेळी कढई उतू गेली. बरं झालं उतू गेली. नाहीतर त्याला चौथा साक्षीदार मिळाला असता.

"हे चित्र त्या काळी बिस्किटांच्या डब्यांवर छापून घरोघर गेलेलं होतं," तो सांगत होता. "त्या मुलीने डब्यावरचा निळा आपल्या खिडकीतल्या हिरव्या पोपटाला दिला. आठवणसुद्धा रंगाऱ्याचं काम करते." टाळ्या. आमच्या घरी डबा होता. पत्र्याचा, आईचा बटणांचा. झाकण उघडताना कुईं करायचं. बटणं आठवतात, शिंपल्याची, एक कोटाचं पितळी. झाकणावर काय होतं? फुलं असतील. बोट असेल. मी झाकणाकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि जिथे काहीच आठवत नव्हतं तिथे हळूहळू एक फांदी उमटायला लागली. मी डोळे उघडले. खोटं आहे. हे त्याने आत्ता घातलं. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या आईच्या डब्यावर. "तेव्हा पुरावा कच्चा आहे," तो म्हणाला, "ही जात यादीतून काढावी." कच्चा. आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. रंगाऱ्याला चोर म्हणा, तो हसेल. त्याचा रंग कच्चा म्हणा, तो कढई घेऊन अंगावर येईल. हे त्याला माहीत नाही? माझ्याच घरात वाढला ना तो?

बाहेरच्या दालनात कागदी पेल्यांतून चहा होता. काचेच्या कपाटांतून मेलेले पक्षी आमच्याकडे बघत होते, मण्यांच्या डोळ्यांनी. संग्रहालयाच्या मोठ्या बाई माझ्याकडे आल्या, माझा हात हातात घेतला. "तुम्ही त्यांच्या आई! केवढा अभिमान वाटत असेल. कसं वाटलं व्याख्यान?"

"छान. पेटीतल्या म्हातारीचं तेवढं वाईट वाटलं."

"हो ना, किती गोड होती ती!" बाई म्हणाल्या. "पण अशी माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत हं. त्यांना खरंच तसं वाटत असतं."

"असेल," मी म्हटलं. "वयाने होतं तसं. तुम्हालाही होईल."

सुनेने घाईघाईने माझ्या हातातला पेला काढून घेतला. "आई, चला, ते गाडीशी थांबलेत."

गाडीत मी मागे बसले. मुलगा आरशातून बघत होता. सिग्नलला गाडी थांबली तसा तो म्हणाला, "चिडलीस?"

"मी कोण चिडणारी? वृद्ध स्त्री."

"आई, तुझं नाव मी घेतलं नाही. मुद्दाम घेतलं नाही. तुझी अब्रू राहावी म्हणून."

"अंगावरचं सगळं ओढून घ्यायचं आणि म्हणायचं, तोंड तर झाकलंय ना! शाबास."

"आई, ते मी म्हटलं होतं यांना," सून म्हणाली, "की निदान आधी सांगा."

"तू गप्प बस. पहिल्या रांगेत तूच बसवलंस मला."

मुलाने मान वळवली. हिरवा लागला होता, मागून भोंगे वाजत होते, पण तो वळूनच राहिला. त्याच्या डोळ्यांखाली सूज होती, ती मी पहिल्यांदाच पाहिली. "मी काय खोटं बोलायला हवं होतं? तुला काय वाटतं, मला तो पोपट नको होता? तू सांगितलंस म्हणून मी या धंद्यात आलो. तू म्हणालीस, शोध. मी त्या बेटावर जाऊन आलो, आई. मातीत हात घालून हाडं शोधली. सगळे मित्र पुढे गेले, मी तुझ्या पोपटामागे. आणि तिथे काही नव्हतं. काहीही नव्हतं. मला कुणी फसवलं, ते कुणाला विचारू?"

भोंगे वाजत होते. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. तो माझं पोर होता आणि त्याचा ओठ लहानपणी पडल्यावर थरथरायचा तसा थरथरत होता. पण माझी जीभ सगळ्यांत आधी जागी होते, काळजाला वेळ लागतो. "खोटं बोल असं कुणी म्हटलं? पोपट मार की खुशाल. तुमचं कामच ते. हाक कशाला मारलीस? हाक तुझ्या यादीत होती का?"

त्याने गाडी चालू केली. घराच्या दारात उतरताना सून म्हणाली, "आई, थोडा वेळ बसू का तुमच्याजवळ?" मी म्हटलं, "कशाला? पुन्हा पेटी लावायची आहे?" आणि जिना चढले. गुडघे दुखत होते, पण त्यांच्यासमोर कठड्याला हात लावला नाही.

खोलीत संध्याकाळचा उजेड होता. शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. गेल्या आठवड्यात खास रंगवली होती ती, त्याच्या व्याख्यानासाठी, पोपटाच्या निळ्यात. रंग बसेना म्हणून तीनदा बुडवली. त्याने पाहिलीही नाही, किंवा पाहिली असेल आणि मनात म्हणाला असेल, बघा, म्हातारी अजून रंगवतेच आहे. मी खिडकीशी बसले. मला काहीही नको होतं, नुसती ती हाक एकदा ऐकायची होती, आपली आपण, आत. ती यायची. वाफेत यायची, कापड पिळताना यायची, नवरा गेला त्या रात्री आली होती. बोलवायची ही रीत मला पाठ होती: आधी भिंतीचा पोपडा, मग नख, मग गार फरशी. मी डोळे मिटले. पोपडा आला. नख आलं. मागे खिडकी, खिडकीत पिंजरा, पिंजऱ्यात तो. मी म्हटलं, म्हण. तो माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता आणि त्याच्या मानेवर, पंखाच्या मुडप्यात, जिथे तिथे काहीतरी उगवत होतं. मी जवळ गेले. पिवळा. उडालेला पिवळा परत येत होता. आजवर कुठल्या कढईत झालं नाही ते होत होतं, गेलेला रंग माघारी येऊन निळ्यावर चढत होता, आणि पोपट हिरवा होत चालला होता, बाजारात टोपलीने मिळतो तसला साधा हिरवा. मी त्याला म्हटलं, राहू दे तुझा रंग, हिरवा तर हिरवा, हो हवा तो. हाक तेवढी मार. त्याने मान खाली केली, गजावर चोच आपटली. मी म्हटलं, तसं नाही रे. नीट. आईसारखं. पलीकडे कुणीतरी ताटात वाढत होतं, मान वर न करता.

ठक ठक.

मी डोळे उघडले. खोलीतला उजेड उतरला होता. शालीचा निळा अंधारात काळा पडला होता. ठक ठक. दारावर होतं. मुठीच्या हाडांनी, हलकेच, तो लहानपणी चूक केल्यावर वाजवायचा तसं; तोंडाने हाक मारायचा नाही, नुसता वाजवत उभा राहायचा, मी उघडेपर्यंत. मी उठले नाही. श्वास रोखून, मान वाकडी करून, एक कान दाराकडे लावून बसले. इतकी वर्षं जे ऐकू आलं ते आता तरी येईल म्हणून. तो वाजवत होता, थांबत होता, पुन्हा वाजवत होता. मी सगळं ऐकलं, शेवटच्या टोल्यापर्यंत.

दार वाजत होतं. नुसतं दार.